टेबल फिरलं होतं

सोमवारी सकाळी पावणेअकराला पाच अक्षांच्या मशीनमधून ‘टिक्’ असा आवाज आला. इतका बारीक, की शेजारच्या लेथवाल्या काकांना तो ऐकूही गेला नाही. थोरलीचा हात मात्र तोवर लाल बटणावर गेलेला होता. मशीन थांबलं, धातू थंड ठेवणाऱ्या पांढऱ्या पाण्याची धार थांबली. तिनं दार सरकवून आत वाकून पाहिलं आणि बराच वेळ ती तशीच वाकून राहिली.

वर काचेच्या खोलीत धाकटी कॉम्प्युटरपुढे बसली होती. खाली मशीन थांबलं की वरच्या खोलीतली जमिनीची थरथर थांबते. ती थांबली, तशी ती उठलीच.

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. एका घरात राहायच्या, एका बसनं यायच्या, एका डब्यातलं खायच्या, म्हणून कारखान्यानंही त्यांना घरचीच नावं लावली होती. थोरलीची बावीस वर्षं मशीनवर गेली होती. धाकटी लग्न होऊन घरात आली तेव्हा थोरलीनंच तिला मालकांसमोर उभं केलं होतं. “साहेब, आमच्या धाकटीला कॉम्प्युटरवर बसवा. डोकं चालतं पोरीचं. स्वयंपाकात नाही चालत, पण बाकी सगळीकडे चालतं.” त्याला आता चार वर्षं झाली होती. धाकटी ‘कॅम’ नावाच्या सॉफ्टवेअरवर टूलचा, म्हणजे कापणाऱ्या हत्याराचा, रस्ता आखायची आणि थोरली त्या रस्त्यानं मशीन चालवायची. दोघींचं इतकं जमायचं की मालक कौतुकानं म्हणायचे, एकीनं शिंकलं तर दुसरी रुमाल काढते.

या खेपेचा जॉब मात्र अवघड होता. जहाजाच्या इंजिनात बसणारी, तळहाताएवढी, निकेलच्या चिवट धातूची चकती. तिच्या कडेनं सतरा खाचा. प्रत्येक खाच साडेतीन मिलिमीटर रुंद, अठरा खोल, आणि विळ्यासारखी आत वळलेली. काडेपेटीतली काडी तिच्यात कशीबशी जाईल. आणि तिथं फिरतं टूल घालून धातू काढायचा, तेही दोन्ही भिंतींना धक्का न लावता. गिऱ्हाइकानं दोनच चकत्या पाठवल्या होत्या. तिसरी हवी तर पाच महिने थांबा, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

टूलचा रस्ता निवडण्यात धाकटीचे आठ दिवस गेले होते. एक रस्ता शिवणयंत्राच्या सुईसारखा: टूल वर-खाली, वर-खाली, टोचत टोचत जाणार. भरवशाचा, पण एकेचाळीस तास खाणारा, आणि भिंती करवतल्यासारख्या खरबरीत. दुसऱ्यात टूलची अख्खी बाजू भिंतीला लावून एकाच ओढीत खाच कापायची. पटकन होतं, पण अडीच मिलिमीटरचं टूल एवढ्या खोलीवर वेतासारखं वाकतं. तिसऱ्यात खाचेचे चार तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यासाठी टेबल एकेका कोनात घट्ट धरायचं आणि मग कापायचं. त्यात तुकडे जिथे जुळतात तिथे पायरी उरते. शेवटी तिनं चौथा निवडला होता. पाचही अक्ष एकाच वेळी हलणार, टूल बारीक बारीक वेटोळी घेत थराथरानं खाली उतरणार आणि खाच वळेल तसा त्याचा कल बदलत जाणार. नऊ तासांत जॉब तयार. अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर एक खाच कापून पाहिली होती, ती सुरेख आली होती.

आणि आता खऱ्या चकतीच्या पहिल्याच खाचेत टूल मोडून रुतलं होतं.

“काय झालं, ताई?” धाकटीनं खाली येऊन विचारलं.

“टेबल फिरलं,” थोरली म्हणाली. “अर्धा फेरा. एकदम गर्रकन. टूल आत असताना.”

“टेबल कसं फिरेल?”

“ते तू सांग. मी पाहिलं ते सांगते.”

एवढ्यात मालक आले, मागोमाग लेथवाले काका आणि आणखी चौघे-पाचजण गोळा झाले. धाकटीला भरून आलं होतं. आठ दिवसांची मेहनत, वर मालकांची नजर. ती म्हणाली, “थांबा, मी दाखवते.” आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तिनं सिम्युलेशन लावलं. पडद्यावर चकती, चकतीत खाच, आणि खाचेत टूल कसं लोण्यात सुरी फिरावी तसं डोलत खाली गेलं. कुठे अडखळलं नाही, कुठे लाल खूण उमटली नाही.

“बघा, ताई. कुठे फिरलं?”

थोरलीनं पडद्याकडे पाहिलं. मग धाकटीकडे पाहिलं. सगळ्यांसमोर ती एवढंच म्हणाली, “मी पाहिलंय.”

मालकांनी मोडक्या टूलची मापं घ्यायला लावली. टूल धरणाऱ्या होल्डरबाहेर ते सव्वीस मिलिमीटर हवं होतं, तुकडा जुळवून भरलं साडेसत्तावीस. थोरली म्हणाली, मोडताना ते ओढलं गेलं असणार, मी सव्वीसच लावलं होतं. पण सिम्युलेशन स्वच्छ, आणि लांब बसलेलं टूल तर लवकर मोडतंच, म्हटल्यावर मालकांनी कुणाचं ऐकावं? त्यांनी लेखी खुलासा मागितला.

“न केलेल्या चुकीचा खुलासा कसा लिहितात ते मला येत नाही, साहेब,” थोरली म्हणाली.

दुपारपासून तिला कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं. तिथे तयार जॉबच्या कडा कानशीनं घासायच्या असतात. नवीन माणसाला पहिल्या महिन्यात देतात ते काम.

घरी सासूबाईंनी चेहरे वाचले. थोरली सरळ कपडे धुवायला गेल्यावर त्यांनी धाकटीला गाठलं. “काय गं, काय बिनसलं?”

“काही नाही हो, आई. ताईंकडून टूल जरा लांब बसलं. होतं असं कधी कधी.”

हे म्हणताना तिला वाटलं, आपण किती सांभाळून घेतलं! पण सासूबाईंनी ते वाक्य उचललं आणि रात्रीच्या ताटावर थोरलीला म्हणाल्या, “डोळे दाखवून घे एकदा. पन्नाशीला आलीस. नजर पहिल्यासारखी राहत नाही.” थोरलीनं घास खाली ठेवला, मग परत उचलला आणि खाल्ला. धाकटीनं आमटीची वाटी पुढे ओढली.

“तुला नक्की माहितीय ना?” नवऱ्यानं नंतर विचारलं. “वहिनी उगाच काही बोलणारी नाही.”

“अरे, सिम्युलेशनमध्ये स्वच्छ दिसतंय.”

त्यानं दिवा मालवला. त्याला वाढवलं होतं ते अर्धं वहिनीनं. तो दोन दिवस ‘चहा झाला का’ याखेरीज धाकटीशी फारसा बोललाच नाही.

मंगळवार, बुधवार असेच गेले. बसमध्ये दोघी एका बाकावर बसत. थोरली खिडकीतून बाहेर बघे आणि धाकटी फोनमध्ये.

गुरुवारी दुसरी चकती लावायची होती. मालकांनी ओळखीच्या कारखान्यातून एक ऑपरेटर दोन दिवसांसाठी मागून आणला होता. सगळे त्याला पाहुणा म्हणू लागले. माणूस हुशार होता, पण हे मशीन त्याच्या हातातलं नव्हतं. गिऱ्हाइकाचे तपासनीसही त्याच दिवशी हजर झाले. उंच, चष्मा लावलेले, कमी बोलणारे गृहस्थ. शुक्रवारी संध्याकाळी ते चकती घेऊन तरी जाणार होते, नाहीतर काम दुसरीकडे देऊ असं सांगून तरी.

धाकटीनं वेग वीस टक्क्यांनी कमी केला होता आणि टूलची लांबी स्वतः मोजली होती. रस्ता तोच. दहाला मशीन सुरू झालं. वरच्या खोलीत जमीन थरथरू लागली.

पाच-सात मिनिटांतच तपासनीसांनी निरोप पाठवला: अॅल्युमिनियमच्या नमुन्यातल्या खाचेचे फोटो हवेत, भिंती स्वच्छ दिसतील असे. धाकटीनं नमुना पुसला, बारीक टॉर्च खाचेत धरला. फोटो नीट येईना, आत कचरा अडकलाय असं वाटलं. तिनं कागदांना लावलेली टाचणी काढून खाचेत फिरवली. टाचणी वरून खाली सरसर गेली आणि एका जागी अडखळली. टिक्. तिनं पुन्हा फिरवली. त्याच जागी पुन्हा टिक्.

टॉर्च तिरका धरला तेव्हा दिसलं. भिंतीवर एक आडवी रेघ, केसाएवढी. टाचणीवर खूण करून तिनं मिलिमीटरमध्ये माप घेतलं. अकरा पूर्णांक दोन.

सोमवारचा तपासणीचा कागद समोरच होता. पहिल्या चकतीत टूल मोडलं ती खोली: अकरा पूर्णांक दोन.

तिनं प्रोग्रॅमच उघडला. चित्र नव्हे, मशीनला जातात ते नुसते आकडे, हजारो ओळी. अकरा पूर्णांक दोनवर येईपर्यंत तिचं बोट माउसच्या चाकावर घसरत होतं. मग ती ओळ आली. टेबलाचा कोन चार अंश. आणि लगेच खालच्या ओळीत, एकशे चौऱ्याऐंशी.

माणूस दिव्याकडे चालत जातो तेव्हा त्याची सावली मागे असते. तो दिव्याच्या बरोब्बर खाली आला की सावलीला बाजूच उरत नाही, आणि पुढचं पाऊल टाकताच ती मागची पुढे येऊन पडते. इथे तसंच झालं होतं. खाच वळत वळत खोल जाताना एका ठिकाणी टूल टेबलाशी अगदी काटकोनात उभं राहत होतं, आणि त्या क्षणी टेबल कल बदलायला अर्धा फेरा मारून दुसऱ्या बाजूला जात होतं. तेवढा वेळ टूल आत एकाच जागी घासत राही. अॅल्युमिनियम मऊ, त्यानं रेघेवर भागवलं. निकेलनं टूलच खाल्लं.

मग सिम्युलेशनमध्ये का दिसलं नाही? हे उत्तर तर तिला आधीपासून ठाऊक होतं, फक्त तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. पडद्यावर चकती स्थिर ठेवून टूल तिच्याभोवती डोलताना दाखवतात. खऱ्या मशीनवर टूल उभंच असतं, डोलतं ते टेबल. अख्ख्या मशीनसकट सिम्युलेशन करायची वेगळी सोय होती. पण त्याला दोन तास लागत आणि कॉम्प्युटर अडकून पडे, म्हणून तिनं त्या चौकटीतली खूण महिनाभरापूर्वी काढून टाकली होती. ज्या पडद्यावर टेबलच नव्हतं, तो पडदा दाखवून तिनं चारचौघांत सिद्ध केलं होतं की टेबल फिरलं नाही.

खाली मशीन चालूच होतं. पडद्याच्या कोपऱ्यात खोलीचा आकडा दिसत होता: नऊ पूर्णांक दोन. एकेका थराला जेमतेम मिनिट, थर अर्ध्या मिलिमीटरला जरा कमी. म्हणजे हाताशी चार मिनिटं होती.

आणि त्या चार मिनिटांतलं पहिलं अर्धं मिनिट तिनं कशात घालवलं, ते तिला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं. ती विचार करत होती की पाहुण्याला फोन करावा, म्हणावं, पाण्याचा दाब कमी वाटतोय, जरा थांबव. मग जेवणाच्या सुट्टीत रस्ता गुपचूप बदलावा. चकती वाचेल, काम वाचेल. सोमवारचं सोमवारी संपलं. कुणाला कळणार आहे?

फोन हातात होता. तिनं तो टेबलावर टाकला आणि जिना उतरायला लागली.

“थांबवा!” मशीनच्या आवाजात तिचा आवाज पोचेना. पाहुणा काचेतून आत बघत होता, शेजारी मालक आणि तपासनीस उभे होते. ती त्यांच्या मधून घुसली आणि तिनंच लाल बटण दाबलं.

धार थांबली. शेडमध्ये एकाएकी इतकी शांतता झाली की लांब कोपऱ्यातली कानस तेवढी ऐकू येत राहिली, खर्र, खर्र.

“काय झालं?” मालकांनी विचारलं. त्यांचा चेहरा उतरला होता. “पुन्हा मोडलं?”

“नाही. टूल शाबूत आहे. नऊ पूर्णांक सहावर थांबलंय.”

“मग थांबवलं कशाला?”

पाण्याचा दाब हे शब्द अजूनही तिच्या जिभेवर होते. तपासनीस चष्म्यातून तिच्याकडे बघत होते. तिनं कोपऱ्याकडे पाहिलं. थोरलीची पाठ होती इकडे.

“टेबल फिरणार होतं,” धाकटी म्हणाली. “आणखी चार थर खाली. सोमवारी फिरलं तसंच. ताई म्हणाल्या ते खरं होतं. चूक माझी आहे, माझ्या प्रोग्रॅमची.”

कानस थांबली.

मालक चिडले, आणि चिडणारच. पण त्यांना आधी चकती वाचवायची होती. “बरं, ते नंतर. आता काय करायचं?”

धाकटीनं मनात चाळून पाहिलेलंच होतं. टोचत जायचा रस्ता घेतला तर वेळ पुरत नाही. कोन घट्ट धरून तुकडे केले तर पायऱ्या राहतात, तपासनीस नापास करतील. टूलला मुळातच थोडा कल द्यावा तर खाच एवढी अरुंद की ते भिंतीला लागतं. हे सगळं ती सांगत होती आणि मालक मान हलवत होते. पाहुणा मागे सरकून म्हणाला, “तुम्ही सांगाल ते चालवीन, साहेब. पण अर्धवट कापलेला जॉब काढून परत लावायचा असेल तर माझ्यानं नाही होणार. हे मशीन मला नवीन आहे.”

मालक कोपऱ्यापर्यंत चालत गेले. “ताई, या जरा.”

“येते,” थोरली कानस न ठेवता म्हणाली. “तेवढा खुलासा लिहायचा राहिलाय माझा.”

लेथवाले काका खोकल्यासारखं करून हसले. मालकांनी खाली बघितलं. “तो राहू द्या आता. चुकलं आमचं.”

“तुमचं नंतर बघू.” ती उठली, हात पुसत मशीनपर्यंत आली आणि धाकटीसमोर उभी राहिली. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिनं तिच्याकडे सरळ पाहिलं. “सोमवारी कोण कोण होतं इथं?”

“सगळे होते, ताई.”

“सगळ्यांना बोलाव. आणि पडदा लाव. टेबल दिसेल असा.”

धाकटीनं लावला. त्या एका खाचेपुरतं मशीनसकट सिम्युलेशन तयार व्हायला दहा मिनिटं लागली, आणि ती दहा मिनिटं सगळे पडद्यापुढे उभे. मग चित्र सुरू झालं. टूल उभं, खाली टेबल संथ डोलतंय. आणि अकरा पूर्णांक दोनवर टेबल गर्रकन फिरलं. धाकटीनं ते न सांगता दुसऱ्यांदा लावलं. पुन्हा फिरलं.

“दिसलं?” थोरलीनं सगळ्यांना विचारलं. “बास. जा आपापल्या कामाला.”

मग मशीनमध्ये वाकून तिनं खाचेच्या वळणावर बोट फिरवलं. “टूल उभं झालं की टेबल गोंधळतं, असंच ना?”

“हो.”

“किती कलतं टूल? जास्तीत जास्त?”

“इकडे आठ अंश, तिकडे आठ.”

“मग टूलला कशाला कलवतेस? चकतीच तिरकी बसव. खाली पाचर घाल, वीस अंशांची. टूल मग कधी टेबलाला उभं होणारच नाही. सतरातल्या कुठल्याच खाचेत.”

धाकटीनं मनात आकडे फिरवले. वीसमधून आठ गेले, बारा उरले. दुसऱ्या बाजूला अठ्ठावीस. कुठेही शून्य येत नव्हतं. हे तिला आठ दिवसांत सुचलं नव्हतं.

“कामात पाचर मारणारे पुष्कळ बघितले,” लेथवाले काका म्हणाले, “पाचरीवर काम उभं करणारी ही पहिलीच.” आणि कुणी न सांगता ते पोलादाचा ठोकळा शोधायला गेले.

पुढचे तीन तास कुणी जेवलं नाही. काकांनी पाचर कापून घासून दिली. थोरलीनं चकती पाचरीवर बसवली आणि बारीक फरक दाखवणारी डायल घेऊन अर्धवट खाचेचा माग काढायला लागली. नऊ पूर्णांक सहापर्यंत कापलेली खाच होती तिथेच, तंतोतंत, टूलनं पुन्हा शिरायला हवं होतं. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडे-तिकडे झाला तरी भिंतीवर पायरी. ती डायलचा काटा बघायची, पितळी हातोडीनं चकतीला टिचकीएवढं ठोकायची, परत बघायची. काही सांगायचं झालं तर फक्त आकडे. “दोन कमी.” “अर्धा.” “घे.” धाकटी आकडे लिहून वर पळायची.

दोनला मालक वर आले. “झालं ना? सुरू करायचं?”

“मशीनसकट सिम्युलेशन चाललंय, साहेब. सतराही खाचांचं. अजून एक तास.”

“तपासनीस घड्याळ बघतायत.”

“बघू देत. हे पुरं झाल्याशिवाय मी प्रोग्रॅम खाली देणार नाही.”

आपण मालकांना असं बोललो, हे तिच्या नंतर लक्षात आलं. मालक खाली गेले.

सव्वातीनला मशीन सुरू झालं. पॅनेलवर थोरली होती, वेगाच्या बटणावर तिचा अंगठा. धाकटी तिच्या मागे, जरा बाजूला. टूल खाचेत उतरलं, आधीच्या कापलेल्या भागातून रिकामंच खाली गेलं, आणि नऊ पूर्णांक सहावर धातूला लागताच त्याचा सूर बदलला. थोरलीनं डोळे मिटले. ती ऐकत होती. आकडा चढत होता. दहा. दहा पूर्णांक चार. दहा पूर्णांक आठ. थोरलीनं अंगठ्यानं वेग किंचित उतरवला. अकरा पूर्णांक दोन.

टेबल कललं. हळूच, मांजर कूस बदलतं तसं. आणि कलत राहिलं. सूर तोच.

अकरा पूर्णांक सहा. बारा.

थोरलीनं डोळे उघडले आणि वेग परत चढवला. “चहा आणा कुणीतरी,” ती म्हणाली.

त्या दिवशी पाच खाचा झाल्या, शुक्रवारी बारा. तपासनीसांनी दोन तास मापं घेतली. पहिल्या खाचेत, जिथं टूल दुसऱ्यांदा शिरलं होतं, तिथे मिलिमीटरच्या आठ हजारांशांची पायरी निघाली. दहापर्यंत चालत होती. त्यांनी चकती पास केली, पण ती पायरी कागदावर नोंदवलीच, आणि खाली कारणही लिहवून घेतलं. ते धाकटीनं लिहिलं, आडपडदा न ठेवता. मालकांनी तिच्याकडूनही एक पानभर खुलासा घेतला आणि नियम केला की इथून पुढे तिच्या एकटीच्या सहीनं प्रोग्रॅम मशीनवर जाणार नाही. तिला ते लागलं. पण तिनं वाद घातला नाही.

गुरुवारी संध्याकाळी बसच्या थांब्यावर थोरलीनं विचारलं होतं, “घरी काय सांगितलं होतंस सोमवारी?”

“टूल लांब बसलं म्हणून.”

“हं. मला वाटलंच. आई उगाच डोळ्यांवर नाही घसरल्या.” तिनं डब्याची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “मला बाकीच्यांचं काही नाही गं. मालकांनी बाकावर बसवलं, बसले. पण तू माझ्यापुढं उभी राहून पडदा दाखवलास. मी सांगते म्हटल्यावर एकदा उघडून बघायचं होतंस. एकदा.”

“चुकलं, ताई.”

“चुकलंच,” थोरली म्हणाली आणि बसमध्ये चढली.

त्याच रात्री जेवायला बसायच्या आधी धाकटीनं सगळ्यांसमोर सांगितलं, अथपासून इतिपर्यंत. पहिलं अर्धं मिनिट काय विचार केला, तेही. सासूबाई ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्या थोरलीला म्हणाल्या, “आणि मी तुला नजरेचं बोलले.” थोरली म्हणाली, “बोललात.” मग धाकट्या दिरानं, म्हणजे धाकटीच्याच नवऱ्यानं, वहिनीचं ताट पहिलं वाढलं आणि सगळे जेवले.

थोरली मशीनवर परत गेली, पण धाकटीशी तिचं बोलणं आकड्यांपुरतंच राहिलं. पंधरा दिवस गेले, महिना गेला. धाकटी आता प्रत्येक प्रोग्रॅम मशीनसकट चालवून बघे. दोन तास लागायचे ते लागू देई, आणि मग कागद थोरलीच्या सहीसाठी खाली पाठवी. सही करून कागद वर यायचा. सोबत निरोप नसायचा.

मग एका सकाळी कागद बिनसहीचा वर आला, आणि मागोमाग थोरलीच आली. ती काचेच्या खोलीत सहसा येत नसे. तेलाचे बूट दाराशी काढून, दुसरी खुर्ची ओढून ती कॉम्प्युटरपुढे बसली. नवीन जॉब होता, पोलादी साच्यातला चिंचोळा चर, एका टोकाला खोल होत गेलेला.

“हा रस्ता मला पटत नाही,” ती म्हणाली.

“का? टेबल कुठेच फिरत नाही, ताई. मी दोनदा पाहिलंय.”

“टेबलाचं नाही म्हणत. तू वरून आत शिरतेस. बारीक चुरा सगळा खोल टोकाला जाऊन साचणार, आणि टूल त्याच्यावरच फिरणार. खोल टोकाकडून सुरू कर.”

“मग होल्डर कडेला लागतो.”

“दाखव, कुठे लागतो.”

धाकटीनं दाखवलं. थोरली चष्मा चढवून पडद्याच्या जवळ गेली. “हे एवढंसं? मग लांब टूल घे.”

“लांब टूल थरथरेल.”

“थरथरेल का नाही ते मला विचार ना, मशीन मी चालवते.”

“आणि मोडलं तर?”

“मोडलं तर दोघी खुलासा लिहू,” थोरली म्हणाली. “आता ते होल्डरचं परत दाखव. सावकाश. तू फार पळवतेस.”

खाली जेवणाची सुट्टी झाली तरी दोघी वर भांडतच होत्या.